बाबांबद्दल दहा ओळी

हॅलो?… हॅलो, थ्रासो?… हो, मीच बोलतेय, हाइदो. ऐकू येतंय का?… मला तुझा आवाज दोनदा येतोय. एकदा तू, मग परत तूच… हां, आता बरं येतंय.

नाही रे, झोपेत कसली! पाचला उठलेय मी. इथे आठ वाजलेत सकाळचे. तुझ्याकडे मेलबर्नला?… दुपारचे तीन. काल डायलिसिसच्या मशीनवर होतास ना? किती तास?… पाच. म्हणजे आज अंगात काही राहिलं नसेल. आडवा हो आणि बोल… अरे, आडवा हो म्हणते ना, मी काय बघायला येतेय!

परत तेच काढू नकोस, थ्रासो. तुला कुणी नावं ठेवत नाही. आठवड्यातून तीन दिवस मशीनला बांधलेला माणूस वीस तास विमानात कसा बसणार? धाकट्या भावाला ओरडायची हौस नाही मला… हो, टाकली. तुझ्या नावानं एक मूठ माती मी टाकली बाबांवर. सांगितलं होतं तुला. चाळीस दिवसांत चारदा सांगितलंय.

आजच्या चाळिसाव्याच्या प्रसादाचे गहू झाले. काल उकडले, धुतलेल्या चादरीवर पसरून सुकवले, बेदाणे, बदाम सगळं घातलं. डाळिंब नाही. मे महिन्यात कुठलं आलंय डाळिंब… वर पिठीसाखर थापलीय, आता चंदेरी गोळ्यांनी क्रूस काढतेय. एका हातात तू, एका हातात क्रूस. तिरका झालाय थोडा… हसू नकोस, पुसता येत नाही तो.

आई?… आहे की. खिडकीशी बसलीय. काळा झगा, काळा रुमाल, तयार आहे… ते आपण नंतर बोलू. आधी तू त्या ओळी सांग. साडेनऊला यानिना शहरातून तो अधिकारी येईल, कोरियात लढलेल्या ग्रीक सैनिकांच्या संघटनेचा. झेंडा आणणार, हार आणणार, आणि चर्चच्या अंगणात उभा राहून बाबांची माहिती वाचणार. 'दहा ओळींच्या वर नको बाई, लोक उन्हात उभे असतात,' म्हणाला… हो, पेन आहे. सांग.

'जन्म एकोणीसशे अठ्ठावीस'… हं. 'मेंढपाळाच्या घरी'… मेंढपाळ? आजोबांकडे सात शेळ्या होत्या, थ्रासो. सात शेळ्यांचा कसला मेंढपाळ… बरं, राहू दे. ऐकायला चांगलं वाटतं.

पुढे… 'एकोणीसशे एक्कावन्नच्या शरद ऋतूत स्वखुशीनं कोरियाला'… स्वखुशीनं कोण म्हणालं? चिठ्ठीत नाव निघालं त्यांचं… बाबांनी तुला तसं सांगितलं? मला चिठ्ठी सांगितली… मग काढ तो शब्द. 'गेले' एवढंच लिही. गेले हे तरी खरं.

'शौर्यानं लढले.'… हं.

नाही, काही नाही. लिहिते. फक्त, बाबा काय करायचे तिथे, आठवतं का तुला? टेकडीवर सामान पोचवायचे. 'वर जाताना पाठीवर गोळ्यांची पेटी, खाली येताना पाठीवर माणूस. पेटी जड असायची, पण पेटी बोलत नाही.' एवढंच सांगायचे… हो, आणि ते दुसरं! 'डोंगर आपल्यासारखेच, फक्त ओळखीचं कुणी नाही.' तेच घाल की ओळीत… का नाही शोभणार? बरं बाबा, शौर्यानं लढले.

पुढे… 'परत आल्यावर रस्त्याच्या कामावर अठ्ठावीस वर्षं'… 'मितभाषी'… हा शब्द चांगला सापडला तुला. मुका माणूस होता म्हणायचं ते… अरे मला काय, तूच नाही का म्हणायचास, बाबांपेक्षा आपलं खेचर जास्त बोलतं?

हं, शेवटची. 'त्यांच्या मागे पत्नी पॉलिक्सेनी, आणि दोन मुलं, हाइदो आणि'…

थांब. ती ओळ थांबव.

…नाही, लाइन आहे. पेन खाली ठेवतेय.

थ्रासो, दोन मुलं नाहीत.

…अरे, नाही! बाहेरचं काही नाही! कोरियातली बाई-बिई… शी, तुझ्या डोक्यात लगेच तेच कसं येतं! बाबा होते ते आपले… नाही रे. आईचंच. आई-बाबांचंच. आपल्या आधीचं.

सांगते. गुरुवारपासून सांगायचं ठरवतेय, तुझं मशीन होऊ दे, तुझा ताप उतरू दे, असं करत आज उजाडलं. आडवा आहेस ना? आडवाच राहा.

आधी आईचं सांगते, म्हणजे तुला कळेल. तुला मी म्हणाले होते ना, बाबा गेल्यापासून ती जरा विसरते… जरा नाही, थ्रासो. तुला काळजी नको म्हणून 'जरा' म्हणत होते. पहिले दोन आठवडे ठीक होती. मग एक दिवस सकाळी उठली आणि मला म्हणाली, 'सासूबाई, पोस्टमन येऊन गेला का?'

हो, मला सासूबाई म्हणाली. मला! जिनं आयुष्यभर मला धपाटे घातले, ती आता मला बघून उठून उभी राहते. मी बसा म्हटल्याशिवाय बसत नाही… हसायलाच येतं रे, मलाही पहिल्या दिवशी आलं. आजीचं नाव हाइदो, माझं नाव हाइदो, तोंडवळाही तिचाच म्हणतात. तिच्या डोक्यात एक्कावन्न-बावन्न साल चालू आहे. बाबा कोरियात आहेत. ती पत्राची वाट बघतेय.

सांगितलं ना! सांगितलं की, 'आई, बाबा गेले, आपण पुरलं त्यांना, तू होतीस.' काय म्हणाली माहितीये? जमिनीवर बसली आणि ओरडली, 'कळायच्या आधीच गेले! त्यांना न कळताच गेले!' तासभर तेच. मला वाटलं, काहीतरी बरळतेय. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पत्र आलं का. मग मी खोटं बोलले. म्हटलं, 'येतायत बाबा, लवकरच येतायत.' मला वाटलं खूश होईल. तर धावत गेली. दाराला कडी घातली. 'आता मी त्यांना काय सांगू? सासूबाई, तुम्ही सांगा ना, मला नाही जमणार.'

म्हणजे बघ. गेले म्हटलं तरी तेच, येतायत म्हटलं तरी तेच. आणि काय सांगायचंय, ते मला माहीतच नव्हतं.

…सांगते ना. गुरुवारी तो अधिकारी म्हणाला, बाबांचं सैन्यातलं प्रमाणपत्र पाहिजे. म्हणून बाबांचा बिस्किटाचा डबा उघडला, पलंगाखालचा. त्यात प्रमाणपत्र, पदक, आणि खाली सुतळीनं बांधलेली पत्रं. अकरा. आईनं कोरियाला पाठवलेली… नाही रे, आईला कुठलं लिहिता येतंय! शाळामास्तरांच्या अक्षरात. ती सांगायची, मास्तर लिहायचे. बाबांनी सगळी परत आणली होती.

पहिल्याच पत्रात काय असावं? 'हाइदोला दात येतायत. सगळं चावते. तुमच्या टोपीलाही चावली.' मला इतकं बरं वाटलं, थ्रासो! म्हटलं, बघा, माझ्या दाताची बातमी कोरियापर्यंत गेली होती. म्हटलं, आईला वाचून दाखवू, जरा हसेल. खुर्ची ओढून बसले तिच्यासमोर.

…तेच ना. तुझ्या लगेच लक्षात आलं. मला दुसरं पत्र संपेपर्यंत आलं नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई, आणि मला माझं जन्मसाल आठवेना. माझा जन्म चोपन्नचा. पत्रावर तारीख नोव्हेंबर एक्कावन्न.

हो. दुसरी हाइदो. म्हणजे पहिली. मी दुसरी.

पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, तसंच तिला दिलं. ती गेल्यावर मी झाले, तर तेच नाव मला… हो, माझंच. मी आता काय वाटतं ते विचारू नकोस. भांडी घासताना आईनं हाक मारली ना, 'हाइदो', तर मला कळत नाही, ती कुणाला मारतेय. पूर्वीही कळत नसेल. मला वाटायचं मलाच.

ऐक ना पुढे. मी वाचत गेले. डिसेंबर, जानेवारी. मग फेब्रुवारीचं पत्र. 'हाइदो आता भिंतीला धरून उभी राहते.' आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाली, 'सासूबाई, हे इथून पुढचं सगळं मी रचून सांगितलं. हे पत्र लिहिलं तेव्हा तिला पुरून नऊ दिवस झाले होते.'

…हो. सरळ म्हणाली. रडली नाही.

घटसर्प. घसा धरला पोरीचा. डॉक्टर खाली मोठ्या गावात, रस्ता बर्फानं बंद. आजोबा खेचर घेऊन निघाले, पुलापर्यंत गेले आणि परत आले. पूल दिसतच नव्हता म्हणे… अकरा महिन्यांची.

आजीनं बजावलं, त्याला कळवायचं नाही. तिकडे हातात बंदूक घेऊन उभा आहे तो, ऐकून एक क्षण डोळ्यांपुढे अंधारी आली तरी संपला. आई वीस-एकवीस वर्षांची पोर, सासूपुढे काय बोलणार? गेली मास्तरांकडे आणि सांगत बसली. हाइदो उभी राहते. हाइदो चालते. एप्रिलच्या पत्रात ती शेळीच्या मागे पळते. जूनमध्ये 'बाबा' म्हणते. थ्रासो, जूनच्या पत्रात मास्तरांनी एका कागदावर तिचा हात ठेवून भोवती रेघ काढलीय. छोटासा पंजा. कुणाच्या पोराचा हात धरून काढला असेल, देवाला माहीत.

…थांबू का?… पाणी पी. मी आहे इथे.

आई, दार नको उघडूस! आत्ता नाही जायचं, फ्रोसो मावशी येईल न्यायला. बस… हो, पोस्टमन आज नाही, रविवार आहे… नाही, तुला नाही, आईला म्हणतेय.

हां बोल… तेच विचारायचं होतं ना? बाबांना कधी कळलं? मीही तेच विचारत होते. आईला विचारून उपयोग नाही, तिच्या हिशोबात ते अजून आलेलेच नाहीत.

शुक्रवारी आपल्या पाद्र्यांकडे, पापा-थिमिओसकडे गेले, आजच्या नावांची यादी द्यायला. आपल्या घरातली गेलेली माणसं, पाद्री वाचतात ती. मी लिहून दिलं, आधी बाबा, स्टेर्गिओस, मग आजोबा, मग आजी हाइदो. पापा-थिमिओसनी चष्मा लावला आणि हसले. म्हणाले, 'तुम्ही बरोबर लिहिलंत. तुमचे वडील दर वर्षी नाव दोनदा लिहायचे. हाइदो, हाइदो. मला वाटायचं म्हातारा माणूस, विसरतो, म्हणून मी एक खोडून एकदाच वाचायचो.'

…हो.

बावीस वर्षं आहेत ते आपल्या गावात. बावीस वर्षं खोडत होते. मी सांगितलं तेव्हा त्या बिचाऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बाकावर बसून राहिले. त्यांचा तरी काय दोष? कुणी सांगितलं होतं त्यांना? आज दोन्ही वाचतो म्हणाले. मी म्हटलं, हळू वाचा, आईपर्यंत पोचायला नको.

म्हणजे बाबांना माहीत होतं. मग गेले फ्रोसो मावशीकडे. शेजारी लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती, सगळं बघितलेलं असणार. आधी कबूलच होईना. 'जुनी गोष्ट आहे, कशाला उकरतेस,' आणि चीजची पाई पुढे केली. मी म्हटलं, पाई खाणार नाही, सांगितल्याशिवाय उठणार नाही.

मग सांगितलं. बाबा ऑक्टोबरात आले. बसमधून चौकात उतरले, सैन्याचा लांब कोट, खांद्यावर पिशवी. कॅफेत सगळे पुरुष बसलेले. बाबांनी हात वर केला, तर सगळ्यांनी कप खाली ठेवले. एकेक उठून उभा राहिला. बाबा हसून म्हणाले, 'मी काय सेनापती आहे का, बसा की.' तेव्हा मास्तर पुढे आले. त्यांनी चौकात, सगळ्यांसमोर सांगितलं. 'पत्रं मी लिहिली. मला मारायचं तर मार.'

…नाही मारलं. कॅफेत जाऊन बसले. दुपारभर बसले. कॉफी आणली ती तशीच गार झाली. दिवस कलला तेव्हा उठून घरी आले.

फ्रोसो मावशी कुंपणापलीकडे कपडे काढत होती. म्हणते, तुझी आई दारात उभी होती, भिंतीसारखी पांढरी. तोंड उघडलं तिनं. आणि तुझे वडील म्हणाले, 'पॉलिक्सेनी, भूक लागलीय. वाढ.'

बस्स. आत गेले, जेवले. झालं.

…नाही, नंतरही नाही. कधीच नाही. मावशी म्हणते, त्या घरात ते नाव पुन्हा ऐकू आलं ते माझ्या बारशाला. आईनं सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. बाबांनी विचारलं नाही, कारण… मला काय माहीत, थ्रासो. तिला सांगायला लागू नये म्हणून असेल. किंवा त्यांना स्वतःलाच ऐकवलं नसतं म्हणून असेल. तू आता मला विचारतोस, मी कुणाला विचारू? साठ वर्षं एका ताटात जेवली दोघं!

आणि आई… आईला ते कळलंय की नाही की त्यांना कळलं होतं, हेही मला माहीत नाही. तेव्हा कळलं असेल. आता नाही. आता तिच्यासाठी ते यायचेत अजून.

केलं रे, तेही करून बघितलं! काल म्हटलं, 'आई, बाबांना सगळं माहीत आहे.' तर माझ्या अंगावर धावून आली. 'कुणी कळवलं? सासूबाई, तुम्हीच म्हणालात ना कळवायचं नाही! आता त्यांना काही झालं तर?' काल दुपारपासून पोटात घोटभर सूप नाही तिच्या. कुठल्याही बाजूनं गेले तरी मी तिला रडवतेच. तू सांग, चौथी बाजू असली तर.

…डॉक्टर काय सांगणार? गोळ्या दिल्यात. झोप येते त्यानं. उठली की पुन्हा पत्र.

ओळ?… अरे हो, ती ओळ. तीन लिहायची म्हणतोस? मला लिहायचंय रे. पण ती समोर पहिल्या खुर्चीत बसणार. तो माणूस माइकवरून 'तीन मुलं' म्हणाला आणि तिनं मान वर केली तर?… आणि दोन म्हणवतही नाही. आकडाच काढ. 'पत्नी आणि मुलं.' किती, ते ज्याचं त्याला माहीत. नऊ ओळी झाल्या तरी चालतील.

…काय?… नको, थ्रासो. नको. तिच्याशी बोलून काय करणार? तुला ओळखणार नाही ती. मला ओळखत नाही, मी रोज तिची वेणी घालते तरी. तू तिकडे फोन ठेवून रडत बसशील, वर अंगात ताकद नाही… माहितीये तुझी आई आहे. माझीही आहे… बरं. बरं, थांब. तिचंही लक्ष इकडेच आहे.

आई, फोन आहे. बोलतेस?… लांबून आहे, खूप लांबून… हो, समुद्रापलीकडून. ये. सावकाश. हे कानाला, हे तोंडाशी. दोन्ही हातांनी धर.

*

हॅलो?… हॅलो… कोण?… मोठ्यानं बोला, वाऱ्यातून आल्यासारखं येतंय.

अहो?… अहो, तुम्ही?

…तुमचाच आवाज. मी ओळखला… पत्र नाही आलं तुमचं, म्हणून म्हटलं… थंडी आहे का तिकडे?… मोजे पोचले? दोन जोड होते. जाड विणलेला तो सासूबाईंचा, पातळ माझा. पातळ आत घालायचा…

अहो, ऐका ना. मास्तर नाहीत इथे. माझ्या तोंडानं मीच बोलतेय, तर ऐकून घ्या, मग मला नाही जमणार.

पोर नाही राहिली हो.

…फेब्रुवारीत. घसा धरला तिचा. मी पाणी पाजायची, ते नाकातून परत यायचं. चमच्यानं पाजलं, बोटानं पाजलं. तिसऱ्या दिवशी आवाजच बंद झाला, नुसती बघायची… मामंजी गेले होते डॉक्टरला आणायला. पूल नाही दिसला त्यांना. त्यांना काही म्हणू नका.

ती चालते म्हटलं, ते खोटं. शेळीच्या मागे पळते, तेही खोटं. 'बाबा' म्हणते… नव्हती हो म्हणत काही. मला वाटलं, तुम्हाला तिकडे तेवढंच…

बोला ना काहीतरी. शिव्या द्या. पण बोला.

…काय?

…माहीत आहे?

…कुणी सांगितलं?… मास्तरांनी…

हं.

हं… हो… हो, ऐकतेय.

…बरं झालं. बरं झालं त्यांनी सांगितलं. मी रोज मनात घोकत होते, कसं सांगायचं, कुठून सुरू करायचं…

मग या तुम्ही. आता या. मला आता भीती नाही वाटत… हो, खाते मी. तुम्हीही खा… ठेवते. सासूबाई बघतायत, खर्च होत असेल.

*

थ्रासो?… थ्रासो, मी आहे. श्वास घे… घे श्वास. हळूहळू. मी आहे इथेच.

काय म्हणालास तू तिला?… 'मला माहीत आहे.'… हं… 'तुझा दोष नाही, पॉलिक्सेनी.'… तू आईला नावानं हाक मारलीस?… नाही, ओरडत नाहीये मी. का ओरडू? आवाज तुझा थेट बाबांचा आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आणि बाबांना साठ वर्षांत जे एक वाक्य जमलं नाही, ते तू… नको, तू वाईट नको वाटून घेऊस. फसवलं नाहीस. माहीत होतंच ना त्यांना. खोटं काय त्यात?

आई?… खुर्चीत बसलीय. चेहरा बघायला पाहिजे होतास तू. डोळे पुसले, रुमाल नीट केला. आणि पाव मागितला, थ्रासो! 'सासूबाई, पाव आहे का?' म्हणाली. दिला, चीज घालून. खातेय. कालपासून पहिल्यांदा खातेय… हो, हो, चावून खातेय नीट. पाणीही घेतलं.

रोज करशील फोन?… मशीनच्या दिवशी नको, त्या दिवशी तुला बोलवत नाही… सोमवार, बुधवार… बघू रे. तुला झेपलं तर. आज तरी मला वाटतंय…

काय आई?

…काय?

थ्रासो, थांब जरा.

…ती विचारतेय, पत्र आलं का.

…हो. आत्ता. पावाचा तुकडा अजून हातातच आहे तिच्या. म्हणतेय, 'सासूबाई, मास्तरांना बजावा, पोरीचं त्यांना कळता कामा नये.'

…हो रे. सगळं. फोन आला होता हेही नाही. विचारलं मी, कुणाशी बोललीस आत्ता? म्हणाली, 'मी कुठे बोलले, मी इथेच बसलेय.'

नको. नको, थ्रासो, पुन्हा नको. ऐक माझं. पुन्हा फोन करशील, ती पुन्हा पहिल्यापासून सांगेल. घसा, पाणी, चमचा, सगळं. रोज? रोज त्या पोरीनं मरायचं, आणि रोज तू ऐकायचंस? दहा मिनिटांच्या पावासाठी?… मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तू विचारतोस, 'ताई, मग करायचं काय,' जसं काही माझ्याकडे कुठे लिहून ठेवलंय. माझ्याकडे नऊ ओळी आहेत आणि एक तिरका क्रूस.

…रडू नकोस. मी नाही रडत. माझे हात साखरेचे आहेत, मला डोळेही पुसता येत नाहीत.

आली, फ्रोसो मावशी आली दारात. चर्चची घंटा सुरू झाली… ऐकू आली तुला? तिथपर्यंत?… हो, तीच घंटा. आपली. तू आडवा राहा आता. संध्याकाळी फोटो पाठवायला सांगते कुणाला तरी… झेंड्याचाही पाठवते.

काय, आई?… घंटा. चर्चची… कुणाचे तरी चाळीस दिवस आहेत आज, आपल्याला जायचंय… गावातलेच एक आजोबा… हो, म्हातारे होते. चौऱ्याऐंशी… ओळखायचीस की. चांगलं ओळखायचीस तू… नाही गं, लढाईत नाही गेले. घरी गेले, आपल्या अंथरुणात.

…एकटे? नाही, आई. बायको होती ना उशाशी. शेवटपर्यंत हात धरून बसली होती.

…हो. नशिबाची, हो. चल, उठ. पाय उचल, उंबरा आहे.

थ्रासो, ठेवते मी.